तिसऱ्या चौकटीची खीळ

गेनू, तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी टपालवाला तुझ्या नावाचा खोका घेऊन माझ्या दारात उभा राहिला. म्हणाला, "हवालदार तर गेले. आता ह्यो परत धाडू का?"

मी म्हटलं, "परत कशापायी? आण हिकडं. खोक्याची पारख हितंच होत असती."

सवयीनं कानाशी धरून हलवला. एका कोपऱ्यात खडखड जास्त, म्हणजे आत काहीतरी सुटलेलं. दोरीची गाठ बघितली. तुझा तो विलायतेतला जुना साहेब दोरीला कायम दोन वेढे देतो, हिला एकच. म्हणजे वाटेत कुणीतरी उघडून बघितलं असणार. कागदाला नाक लावलं तर बिडीचा वास. मी मान वर करून म्हणालो, "गेनू, हा खोका फोडलेला हाय." आणि वाट बघत राहिलो, की आता तू म्हणशील, "दादा, पंचनाम्याला तलाठी बोलवू का?"

कुणी काही बोललं नाही. मी तुला खांदा दिला होता, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत नदीवर उन्हात उभा राहिलो होतो, तेरा दिवस तुझ्या ओट्यावर बसून आल्यागेल्याला पाणी दिलं होतं. तरी तू गेलास हे मला त्या खोक्यापाशी कळलं.

मी दुसरीतून उठलेला सुतार. माझं अक्षर म्हणजे बाभळीचं लाकूड, कितीही तासलं तरी कुसळं राहायची. पण तुझं माझं भांडण अर्धं राहिलंय, आणि अर्धं काम टाकून उठायची आमच्या घरात रीत नाही. म्हणून लिहितोय.

पहिला खोका आला तो पानशेत फुटायच्या आदल्या साली. ज्या साहेबाच्या हाताखाली तू सफरमैना पलटणीत पूल बांधलेस, तो म्हातारपणी आपल्या घरी लढाईतल्या गाड्या आणि तोफा वीतभर आकाराच्या जुळवत बसतो, आणि त्यातली एक त्यानं तुला धाडली होती. झाकणावर चित्र: लष्करी लॉरी चिखल उडवत निघालीय, पाठीमागं आग, वर विमानं. तू खोका माझ्या बाकावर रंध्याशेजारी ठेवलास आणि नवऱ्या मुलासारखा हसलास.

"उघडा दादा."

मी झाकण काढलं. आत ना विमान, ना आग. करड्या रंगाच्या काड्या आणि चकत्या, फणीच्या दातांसारख्या एका दांड्याला लटकलेल्या.

"हे काय रं? लॉरी कुटं हाय?"

"हीच की लॉरी. सुटी हाय. आपुन जुळवायची."

"म्हंजे तुझ्या सायबानं तुला मोडकी गाडी धाडली, आन् तू खूश."

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते पाच वर्षं चाललं. मी म्हणालो, जो झाकणावर आग दाखवतो आणि आत काड्या देतो त्याच्यावर माझा भरवसा नाही. तू म्हणालास, सगळेच तसं करतात. मी म्हणालो, मग सगळेच लबाड. तू ह्याला हटवाद म्हणायचास. पण लहान करून दाखवलेल्या गोष्टीचा मला का राग, हे तुला ठाऊक होतं. मी पोर असताना आमच्या गावाशी धरण व्हायचं होतं, तेव्हा एका माणसानं आमच्या म्हाताऱ्यापुढं नकाशा पसरला होता. त्यावर पाणी म्हणजे करंगळीएवढा निळा पट्टा. म्हातारा म्हणाला, "येवढंच व्हय." त्या करंगळीखाली आमचं घर गेलं, भाताची खाचरं गेली, आंब्याची पाच झाडं गेली. पाणी चढायच्या आधी म्हाताऱ्यानं घराचं एक सागवानी कवाड उचकटून खांद्यावर घालून आणलं, तेवढंच उरलं. तेव्हापासून कुणी काही लहान करून माझ्यापुढं ठेवलं की मी आधी विचारतो, हे मोठं झाल्यावर कुठवर येणार?

बैल घेताना दात बघावेत, शेपटी ओढावी, चालवून बघावा. लाकूड घेताना ठोकून आवाज ऐकावा. ह्या विलायती जिनसेला दात नाहीत, शेपटी नाही, आणि ठोकलं तर नुसती टिकटिक. मग मी माझी रीत बसवली. आधी मोजणी. कागदावरचे आकडे तू वाचायचे, तुकडे मी मोजायचे. तुझ्या वाचण्याची खात्री नव्हती म्हणून दोनदा. मग चाकं काचेवर गडगडवायची, जे डुगडुगतं ते बाजूला. मग कडा बघायच्या. साच्याची दोन पाखं नीट मिटली नसली की कडेला कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालर सुटते. झालर जितकी जास्त तितका साचा झिजलेला, आणि तितका धाडणारा आळशी. शेवटी माझी काडी. बांबूच्या कामटीवर मी खाचा पाडल्या होत्या: ही माणसाची उंची, ही लॉरीच्या चाकाची, ही पुलाच्या चौकटीची. लॉरीच्या चाकाला टेकून बसलास तर तुझं डोकं कुठवर यायचं, ते तुला भिंतीशी बसवून विचारलं आणि मगच खाच पाडली. खोक्यावर छापलेलं असायचं, हे खऱ्याचा बत्तिसावा भाग म्हणून. छापणाऱ्याचं काय जातंय? एका कारखान्याच्या लॉरीत दुसऱ्या कारखान्याचा शिपाई बसवायला गेलो तर त्याचं डोकं टपाच्या बाहेर.

"बघ," मी म्हणालो, "दोगंबी बत्तिसावा म्हणत्यात. कोण खोटं बोलतंय?"

"शिपाई उंच असंल, दादा."

"मग लॉरीवाल्यानं तेला घ्यायचा नव्हता."

एक चूक माझ्या हातून झाली आणि ती तू गावभर केलीस. पोवळं खरं की लाखेचं, हे बघायला तापलेली सुई टेकवतात. म्हणून शिपायांचा पहिला खोका आला तेव्हा मी दाभण चुलीत लाल केला आणि एका शिपायाच्या तोंडाला टेकवला. नाक गेलं, डोळे गेले, घाण धूर सुटला. तू कपाळाला हात लावलास. "काय हो दादा! दुश्मनानं सोडला तेला, आन् तुमी मारला." पुढं कित्येक दिवस पारावर माणसं मला विचारत होती, सुतारबाबा, आज कुणाचं तोंड जाळलं?

दुसरी चूक मी चूक मानायला तयार नव्हतो. खोक्याबरोबर नळीतला डिंक यायचा. त्याच्या वासानं डोकं फिरायचं. जो डिंक जोडणाऱ्याचं डोकं फिरवतो तो सांधा काय धरणार, असं म्हणून मी आपला लाकूडकामाचा सरस शिजवला आणि अख्खी लॉरी सरसानं जुळवली. आठव्या दिवशी फळीवर उभी असलेली लॉरी आपोआप निखळली. आधी टप पडला, मग एकेक चाक. मी म्हणालो, माल खराब. तू पोट धरून हसलास, मग माझ्याशेजारी बसून नीट सांगितलंस, "सरस लाकडात मुरतो, दादा. ह्यो माल मुरू देत न्हाई. नळीतला डिंक दोन्ही कडा जरा इतळवतो, मग त्या एक हुत्यात." तू बरोबर होतास. तुझ्या जिवंतपणी हे मी कबूल केलं नाही. आज करतो.

पुण्याला लष्कर भागात तो दुकानदार होता, काचेच्या कपाटात रंगाच्या बाटल्या आणि शिशाचे शिपाई मांडून बसणारा. मी एक शिपाई उचलला आणि नखानं रंग खरवडला.

"बाबा, नख लावू नका, माल विलायती आहे," तो म्हणाला.

"न्हाई लावलं तर विलायती हाय का भोरचा हाय हे मला कसं कळायचं?"

तू लाजून बाहेर पायरीवर जाऊन उभा राहिलास. मी मात्र आतच. रंगाचा पापुद्रा नखात आला तो मी त्याच्या गल्ल्यावर ठेवला आणि बाहेर आलो. एक हिरव्या रंगाची बाटली तेवढी घेऊ दिली तुला. तीही मी पत्र्यावर ठिपका देऊन आठ दिवस उन्हात ठेवली, मगच लॉरीला लावू दिली. रंग टिकला. तू म्हणालास, "आता तरी पटलं?" मी म्हणालो, "आजून पाऊस लागला न्हाई तेला."

पण गेनू, हे सगळं मी लॉरीसाठी केलं नाही. सख्यासाठी केलं.

सखा माझा धाकटा भाऊ. बाप गेल्यावर त्याच्या हातात लाकूड तासायचा वाकस मी दिला. तुझ्याबरोबर तो भरतीला गेला, सुताराचा हात बघून त्याला सफरमैनात लगेच घेतलं. पौडाच्या मोटारअड्ड्यावर त्याला निरोप देताना तू शेजारीच होतास. आमच्या घरात सांधा ठोकला की त्यावर अंगठा दाबून बघायचा आणि तोंडानं 'बसलं' म्हणायचं. तसं म्हटल्याशिवाय पुढच्या सांध्याला हात लावायचा नाही. मी त्याला म्हणालो, "सख्या, दुसऱ्यानं ठोकलेल्या खिळीवर भरवसा ठेवू नगं. सोता अंगठा लाव. तुला आईची आन हाय." तो हसला. "लावीन की, दादा." हे सांगितल्याचा मला फार अभिमान होता. लोक भावाला जिवाला जप म्हणून सांगतात. मी कामाचं सांगितलं.

इटालीत एका नदीवर पूल बांधताना तो गेला. त्या नदीचं नाव तुला येत होतं, माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. तू परत आलास तेव्हा पाठीवरचं ओझंही न उतरवता माझ्या आईपुढं बसलास आणि सांगितलंस, की तो तुतीच्या झाडाखाली तुझ्या मांडीवर डोकं ठेवून, दोन घोट पाणी पिऊन, आईचं नाव घेऊन गेला. आई त्या दोन घोटांवर आठ वर्षं जगली. मला पहिल्या दिवसापासून संशय. पुढं एकदा पारावर तू म्हणालास, सखा पलीकडच्या काठावर सगळ्यांच्या पुढं होता. आणखी एकदा म्हणालास, लॉरीपाशी गोळा पडला. एका माणसाला तीन मरणं कशी येतील? तोंडावर बोललो नाही. मनात गाठ मारून ठेवली.

आणि मग तूच एक दिवस म्हणालास, "दादा, तीच नदी करू. पूल, लॉऱ्या, माणसं, समदं व्हतं तसं. सखा कुटं काम करत व्हता ते तुमास्नी दिसंल." मी लगेच हो म्हणालो. तुला वाटलं दादा खूश झाला. मी मनात म्हणत होतो, बोलण्यात माणूस सरकतो, लाकडात सरकता येत नाही. झाड उभं करायचं तर कुठंतरी एका जागीच करावं लागतं. ह्याला सगळं जागच्या जागी मांडू दे, मग बघू सख्याला कुठं ठेवतो.

धरणाच्या पाण्यातून वाचवलेलं म्हाताऱ्याचं कवाड मी खाली काढलं आणि ठोकळ्यांवर आडवं टाकलं. दिवाळीच्या किल्ल्याला कालवतात तशी माती कालवली. दोन्ही काठांवर मोहरी पेरली. ती बोटभर वाढली की तू कात्रीनं भादरायचास, तिकडचं गवत एवढं माजलेलं नव्हतं म्हणून. पाणी गढूळ होतं म्हणालास, म्हणून सरसात तांबडी काव कालवून ओतली. पूल मात्र मी खोक्यातला घेतला नाही. साहेबानं धाडलेल्या पुलाच्या चौकटी हातात वाकत होत्या. मी शिसवाच्या चिपा तासून नऊ चौकटी केल्या, एकेक चौकट बांबूच्या बारीक खिळींनी बसवली, आणि प्रत्येक खिळीवर अंगठा दाबून म्हणालो, "बसलं."

दरवेळी तू उठून बाहेर जायचास. बिडी ओढायला म्हणून. खिशात बिडी नसली तरी. बाहेर अंगणातल्या फुटक्या दगडापाशी माझ्याकडं पाठ करून उभा राहायचास. मी बारकाईनं बघत होतो. आधी वाटलं, माझं काम चांगलं झालेलं तुला बघवत नाही. मग वाटलं, नाही, पुलातच काहीतरी आहे. काय ते कळेना.

सगळं झालं, राहिला तो शिपाई. सख्याचा. साहेबाकडून दोन खोके आले, लष्करातल्या दुकानातून शिशाचे आणले, कुंभाराकडचा मातीचा मावळासुद्धा मी तुझ्यापुढं ठेवला, म्हटलं, पगडी तासून टोपी करू. तू एकेक हातात घ्यायचास, उजेडाला धरायचास, खाली ठेवायचास.

"न्हाई दादा. हात बरोबर न्हाई."

"बंदूक हाय की हातात."

"बंदूक नव्हती तेच्या हातात."

"मग हा घे, ह्येच्या हातात काय न्हाई."

"ह्येचाबी हात बरोबर न्हाई."

माल नापास करायचा मान ह्या घरात माझा. चाकं मी नापास करायची, रंग मी करायचा. शिपाई मात्र एकटा तूच नापास करत होतास, आणि कारण एकच. तेव्हा माझी खात्री झाली, की ह्याला शिपाई ठेवायचाच नाही.

होळी होऊन चार दिवस झाले होते. मी चिंचेच्या काडीला शेवाळ चिकटवून झाड केलं आणि तुझ्यापुढं धरलं.

"तुती. कुटं लावू?"

"कसली तुती?"

"जिच्याखाली सख्या गेला ती."

तू त्या कावेच्या पाण्यावरची धूळ बोटानं पुसलीस. "तितं तुती नव्हती, दादा. गोळ्यांनी तितं झाडच ऱ्हायलं नव्हतं."

"मग माझ्या आईला सांगितलंस ते?"

तू मोहरीची कात्री उचलून बाजूला ठेवलीस.

"पलीकडल्या काठाव म्हणालास. लॉरीपाशी म्हणालास. तुतीखाली म्हणालास. आन् शिपाई ठेवायची येळ आली की तेचा हात वाकडा. गेनू, तू तितं नव्हतासच. माझ्या भावाला टाकून पळालास तू."

तू टोपी उचललीस. दारापाशी थांबलास. "मी व्हतो, दादा. मी व्हतो म्हणून तर." एवढंच म्हणालास. पुढचं घेऊन गेलास.

माझ्या दारापासून तुझं दार सत्तर पावलं. सतरा दिवस तू ती चालला नाहीस आणि मीही नाही. रोज सकाळी वाटायचं, येईल, त्याला हिरवी बाटली लागणारच आहे. बाटली मी मुद्दाम आत नेऊन ठेवली होती, म्हणजे तुला मागावी लागली असती. अठराव्या दिवशी सकाळी तुझ्या भागाबाईची किंकाळी ऐकू आली. ओट्यावर बसल्या बसल्या गेलास म्हणे. सत्तर पावलं मी तेव्हा धावलो.

तर परवा खोका आला. सांजच्याला भागाबाई आली. पदर डोक्यावर ओढून उंबऱ्याशी उभी राहिली. मी म्हटलं, "बाई, ह्यो खोका तुझ्या मालकाचा. ने."

"मी काय करू तेचं? तुमी आन् ते बघून घ्या." ती असं बोलली आणि मग तोंडाला पदर लावला. थोड्या वेळानं तिनं कनवटीतून तंबाखूची पत्र्याची डबी काढली. "ही तुमची हाय. तुमच्याकडनं रागावून आले, तवापास्नं रोज हेच करत बसले व्हते. म्हणले, दादाला सोता नेऊन देणार. रोज चप्पल घालायचे आन् रोज काढायचे."

डबीत कापूस. कापसात शिपाई. मी तो उजेडाला धरला आणि ओळखला. मी दाभणानं तोंड जाळलेला तोच. मी उकिरड्यावर टाकला होता, तू कधी उचललास कोण जाणे. तूही दाभण तापवला होतास. कमरेत वाकवला होता त्याला, गुडघा टेकवला होता. बंदूक कापून टाकली होती. डावा हात आधाराला आणि उजवा खाली, मूठ मिटलेली, अंगठा पुढं. अंगठा लाखेचा लावला होता, कानशीनं घासून नखापर्यंत केला होता. तोंड खाली, त्यामुळं जळलेलं दिसत नव्हतं.

मी विचारायच्या आधी भागाबाईच बोलली.

"पूल झाला व्हता म्हणं. उजाडत व्हतं. पलीकडनं गोळे सुरू झाले तसं ह्येनी समद्यास्नी अलीकडं बोलवलं. मोजलं. समदे आले व्हते. सखाभावजीबी आले व्हते. मग भावजी म्हणले, हवालदार, तिसऱ्या चौकटीची खीळ नव्या गड्यानं ठोकली हाय. अंगठा लावून येतो. हे म्हणले, ऱ्हाऊ दे. भावजी म्हणले, दादानं आन घातली हाय. मग हे म्हणले, जा, बिगीबिगी ये."

"आन् तेवढ्यात?"

"तेवढ्यात."

बाहेर कुणाची तरी शेरडं घराकडं चालली होती, त्यांच्या गळ्यातली घुंगरं वाजत गेली. मी म्हटलं, "मला का न्हाई बोलला?"

"म्हणायचे, दादाला काय सांगू? आन तुमची हुती म्हणून सांगू, का 'जा' म्या म्हणलं म्हणून सांगू? एक सांगावं तर दुसरं दडवल्यावानी हुतंय. आन् दोन्ही सांगितलं तर दादाच्या घरात रोज खिळी ठोकायच्या असत्यात, त्या तेनी कशा ठोकायच्या?"

"खीळ बसली हुती का?"

"काय?"

"ती तिसऱ्या चौकटीची. ढिली हुती का बसल्याली?"

भागाबाईनं मान हलवली. "ते तेनी न्हाई सांगितलं. मलाबी सुचलं न्हाई इचारायचं."

ती गेल्यावर मी काय केलं सांगू? ह्याचाही संशय घेतला. हे चौथं मरण तर नव्हे? म्हटलं, गेनूनं बायकोला पढवलं असेल. खोका हलवून बघतात तसं तिचं बोलणं हलवून बघितलं, कुठं खडखडतंय का. मग आठवलं, मी 'बसलं' म्हणालो की तू उठून जायचास. नऊ चौकटी, एकेका चौकटीला चार खिळी. प्रत्येक खिळीला तू माझ्या तोंडून तेच ऐकत होतास, जे ऐकून तो परत पुलावर गेला. आणि तरी दुसऱ्या दिवशी येऊन माझ्याशेजारी बसत होतास. हात बरोबर नाही म्हणायचास. नव्हताच बरोबर. अंगठा पुढं काढून बसलेला शिपाई कुणी साच्यात घालत नाही.

तर आता भांडण. तू मला सांगायला पाहिजे होतंस. मी लाकडाचा माणूस, मला चीर गेली असती, पण मी उभा राहिलो असतो. वीस वर्षं मी अंगठा पुढं करून मिरवलो, मुलांना, नातवांना, गावात दिसेल त्याला सांगत सुटलो, की आमच्या घरची रीत अशी. तू ते ऐकून घेतलंस. ते ऐकून घ्यायचा तुला हक्क कुणी दिला?

आणि खरं सांगायचं तर, तू सांगितलं असतंस तर मी काय म्हणालो असतो ते मला माहीत आहे. 'जा' म्हणणारा तू, आणि ढकलतोस माझ्यावर, असं म्हणालो असतो. तुझ्या अंगणात उभा राहून गावाला ऐकू जाईल असं म्हणालो असतो. तू मला तीस वर्षं ओळखत होतास. माझी पारख तू नीट केलीस.

एक तुला सांगायचं राहिलं. तिथं झाड नव्हतं, तरी तू माझ्या आईसाठी एक उभं केलंस. तिच्या अखेरच्या दिवसांत ती अंगणाकडं बघून विचारायची, तुतीला सावली असते का रे? मी तुझ्यावर चिडून गप्प बसायचो. गेनू, त्या झाडाला मी कधी अंगठा लावायला गेलो नाही आईसमोर, एवढीच माझी बाजू. लावला असता तर ते पडलं असतं.

आणि एक विचारायचं राहिलं. खीळ ढिली होती, की बसलेली? ढिली असेल तर त्यानं बसवली असेल, आणि दिवसभर त्यावरून लॉऱ्या गेल्या असतील. बसलेलीच असेल तर. ते मला लिहिता येत नाही. तुला ठाऊक असेल. तू पूल बांधणारा हवालदार, तू मागाहून बघितल्याशिवाय राहिला नसशील. एवढं एक सांगून जायचं होतंस.

खोका मी अजून उघडलेला नाही. फळीवर ठेवलाय. त्या एका वेढ्याच्या गाठीचं मी दोन दिवस डोक्यात घेतलं होतं. आज सकाळी वाटलं, साहेबही म्हातारा झाला असेल. दुसरा वेढा द्यायला बोटं वळत नसतील. आणि बिडीचा वास तर टपालवाल्याचाच, तो काय बिड्या पुजायला घेतो?

मग मी तुझा शिपाई घेतला. सरसाचं भांडं चुलीवर ठेवायला उठलो होतो, ते खाली ठेवलं. तुझी ती नळी शोधून काढली. तोंड वाळून बंद झालं होतं, दाभणानं मोकळं केलं. शिपायाच्या गुडघ्याला आणि पावलांना डिंक लावला. डोकं फिरलं वासानं. तिसऱ्या चौकटीवर, खिळीपाशी त्याला टेकवला, अंगठा बरोबर खिळीच्या डोक्यावर येईल असा. शंभर आकडे मोजायचे असं तू सांगायचास, तेवढे मोजले.

माझा अंगठा आपोआप पुढं गेला. शिपायाच्या पाठीपासून बोटभर अंतरावर थांबला. मी तो मुठीत धरला.

"बसलं," मी म्हणालो.

आणि बाहेर गेलो, त्या फुटक्या दगडापाशी, जिथं तू जाऊन उभा राहायचास. पुलाकडं पाठ करून उभा राहिलो.